समाधान फोनचे की फोनमधील प्रणालीचे?

व्यापारी घराण्यात एखाद्या वस्तूची खरी पारख खरेदीच्या दिवशी होत नाही. चार-पाच दिवाळ्या उलटल्या म्हणजे ती होते. तराजू, तिजोरी, दुकानाचे कुलूप, मुनीम, अडत्या, मालमोटारवाला, या सर्वांना घराने अशाच काळाच्या कसोटीवर घासून पाहिलेले असते. परंतु ज्या वस्तूवाचून आज शटर उघडूनही दुकान सुरू होत नाही, त्या मोबाइल फोनची निवड मात्र बहुधा दहा मिनिटांत, कॅमेरा, रंग आणि हप्ता एवढे पाहून केली जाते.

या फोनमध्ये आता काय नाही? घाऊक व्यापाऱ्याच्या मालाच्या नमुन्यांची छायाचित्रे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मागण्या, यूपीआयची देवघेव, बँकेचे संकेतांक, उधारीची यादी, मुलीच्या विवाहाची चित्रफीत आणि वडिलांचे जपून ठेवलेले ध्वनिसंदेशही त्यातच असतात. या साऱ्याचा सांभाळ करणारी व्यवस्था म्हणजे फोनची ऑपरेटिंग सिस्टिम, अर्थात कार्यप्रणाली. फोन दर काही वर्षांनी बदलतो. प्रणाली मात्र अनेक घरांत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे तीच राहते. म्हणूनच ‘कोणता फोन घ्यावा’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणत्या प्रणालीशी दीर्घकाळ जमेल’ हा प्रश्न घरात विचारला गेला पाहिजे. तो विचारताना, जे लोक वर्षानुवर्षे एकाच प्रणालीवर समाधानी आहेत त्यांचे समाधान कशावर उभे आहे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

दोनच वाटा कशा उरल्या?

आज बाजारात प्रामुख्याने दोनच प्रणाली आहेत : गुगलची अँड्रॉइड आणि अ‍ॅपलची आयओएस. नेहमी असे नव्हते. २००३ साली आलेला नोकिया ६६०० ज्यांनी वापरला, त्यांना सिंबियन ही प्रणाली परिचित असेल. त्यानंतर ईमेलचे काम असणाऱ्यांच्या हाती ब्लॅकबेरी आला आणि पुढे चौकोनी रंगीत ठोकळ्यांचा विंडोज फोनही काहींनी आवडीने घेतला.

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीस आला. भारतात तो ऑगस्ट २००८ मध्ये पोहोचला, तेव्हा आठ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती. त्याच वर्षीच्या जुलैत अ‍ॅपलने अ‍ॅप स्टोअर उघडले, त्यात आरंभी सुमारे ५०० अ‍ॅप होती. अँड्रॉइड ही मूळची एक छोटी कंपनी. गुगलने ती २००५ मध्ये विकत घेतली आणि २००८ मध्ये तिच्या प्रणालीवरील पहिला फोन बाजारात आला. लिनक्सच्या पायावर उभी असलेली ही प्रणाली अनेक फोननिर्मात्यांना उपलब्ध झाल्यामुळे पाच हजारांपासून लाख रुपयांपर्यंत प्रत्येक खिशाला परवडेल असा फोन तयार होऊ लागला. भारतातील दर शंभर स्मार्टफोनांपैकी नव्वदांहून अधिक फोन आज अँड्रॉइडवर चालतात, त्याचे मुख्य कारण हेच.

उरलेल्या वाटा एकेक करून बंद झाल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने स्वतःची प्रणाली बाजूला ठेवून मायक्रोसॉफ्टशी हात मिळवले. २०१४ मध्ये नोकियाचा फोनव्यवसाय मायक्रोसॉफ्टकडेच गेला. तरीही जानेवारी २०२० मध्ये विंडोज फोनचा आधार संपला. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालींची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबली. त्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपने २०१७ मध्ये सिंबियन व ब्लॅकबेरी आणि २०१९ च्या अखेरीस विंडोज फोन सोडला होता.

या इतिहासात व्यापाऱ्याने ध्यानी घ्यावे असे एक मर्म आहे. विंडोज फोन वापरणारे अनेकजण त्यावर मनापासून संतुष्ट होते. प्रणाली नीटनेटकी होती, फोन मजबूत होते. तरी त्यांना वाट सोडावी लागली, कारण अ‍ॅप बनविणाऱ्यांनी त्या प्रणालीकडे पाठ फिरविली. ज्या पेठेत गिऱ्हाईक येत नाही तेथे दुकानदार राहत नाही, आणि दुकानदार नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही. तसाच हा प्रकार. दीर्घकाळचे समाधान केवळ वापरणाऱ्याच्या आवडीवर अवलंबून नसते. ती पेठ टिकणार आहे काय, हेही पाहावे लागते.

समाधानी गिऱ्हाईक आणि अडकलेले गिऱ्हाईक

जुन्या व्यापाऱ्याला दोन प्रकारची कायमची गिऱ्हाइके ठाऊक असतात. एक, माल आणि वागणूक पसंत असल्यामुळे येणारे. दुसरे, मागची बाकी फिटत नाही म्हणून येणारे. खतावणीत दोघांची नावे सारख्याच नियमाने दिसतात, पण पहिले दुकानाची पत वाढविते आणि दुसरे सुटकेची संधी शोधत असते.

प्रणालीच्या बाबतीतही हाच भेद आहे. वर्षानुवर्षे एकाच प्रणालीवर राहणारा प्रत्येकजण समाधानी असतोच असे नाही. कोणाची हजारो छायाचित्रे आयक्लाउडमध्ये असतात, कोणाची गुगलच्या खात्यात. कोणी पैसे मोजून घेतलेली अ‍ॅप दुसऱ्या प्रणालीवर पुन्हा विकत घ्यावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणांची प्रत अँड्रॉइडवर गुगलकडे आणि आयफोनवर अ‍ॅपलकडे ठेवली जाई. त्यामुळे कित्येक वर्षे एका बाजूची संभाषणे दुसऱ्या बाजूला सरळ नेता येत नव्हती. २०२१ मध्ये आयफोनवरून काही अँड्रॉइड फोनांकडे आणि २०२२ मध्ये अँड्रॉइडवरून आयफोनकडे नेण्याची सोय झाली, तेव्हा हा बांध फुटला. ज्या व्यापाऱ्याचे भाव, कबुली आणि पावत्या त्याच संभाषणांत होत्या, त्याच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नव्हती.

मनाची घडणही येथे काम करते. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, माणसाला आहे तीच स्थिती चालू ठेवण्याकडे विशेष ओढा असतो. हार्वर्ड विद्यापीठातील कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या निवडी त्यांनी तपासल्या, तेव्हा नव्याने रुजू झालेले कर्मचारी नव्या योजना अधिक घेताना आढळले. जुने कर्मचारी मात्र जुन्याच योजनेला धरून राहिले होते. ‘आमचे वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे’ या वाक्यात म्हणूनच समाधान किती आणि आळस किती, हे एकदा तपासून पाहावे.

तपासण्याची रीत सोपी आहे. आज सारी माहिती विनाकष्ट दुसरीकडे नेता आली असती, तर हीच प्रणाली पुन्हा निवडली असती काय? उत्तर ‘हो’ असेल तर ते समाधान खरे. उत्तर देताना मन अडखळले, तर ते गिऱ्हाईक बाकीत अडकलेले आहे असे समजावे.

समाधानाचा कणा : वेळेवर येणारी सुधारणा

दीर्घकाळ संतुष्ट राहिलेल्यांच्या अनुभवात एक गोष्ट समान दिसते. त्यांच्या फोनला निर्मात्याकडून सुधारणा वेळेवर आणि पुष्कळ वर्षे मिळत राहिल्या. प्रणालीत दोष निघणे अटळ असते. तो बुजविण्याची व्यवस्था किती वर्षे चालू राहते, यावर फोनचे खरे आयुष्य ठरते.

या बाबतीत आरंभी आयफोन पुष्कळ पुढे होता. फोन आणि प्रणाली दोन्ही एकाच कंपनीच्या हाती असल्यामुळे सुधारणा जगभर एकाच दिवशी पोहोचते. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या आयफोन ५ एस या फोनला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेची एक दुरुस्ती मिळाली. नऊ वर्षांहून जुन्या मालाची दखल घेणारे पुरवठादार कोणत्याही धंद्यात विरळाच.

अँड्रॉइडची वाट लांब होती. गुगलने तयार केलेली सुधारणा आधी चिप बनविणाऱ्याकडे, मग फोननिर्मात्याकडे, आणि त्याने आपला साज चढविल्यानंतर गिऱ्हाइकाकडे येई. मूळ उत्पादकाचा माल तीन मध्यस्थांमार्फत खेड्यातील दुकानात पोहोचावा, तसे हे होते. उशीर ठरलेला, आणि स्वस्त फोनांच्या नशिबी तर कित्येकदा काहीच नाही. गुगलने ऑगस्ट २०१५ पासून सुरक्षेच्या मासिक दुरुस्त्या सुरू केल्या, २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीपासून प्रणालीची रचनाच अशी बदलली की फोननिर्मात्याचे काम हलके व्हावे, आणि २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून काही भाग थेट स्वतःकडून सुधारण्यास प्रारंभ केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ या फोनासाठी गुगलने आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ मालिकेसाठी सॅमसंगने सात वर्षांच्या सुधारणांचे वचन दिले. महागड्या फोनांपुरते तरी हे अंतर आता मिटले आहे. स्वस्त फोनांमध्ये मात्र ते अद्याप आहे, आणि तेथेच गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावयाचे असतात.

सुधारणेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की, जुनी बॅटरी असलेल्या आयफोनांचा वेग काही सुधारणांद्वारे कमी करण्यात आला होता. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू असल्याचे कंपनीने म्हटले. पण गिऱ्हाइकाला ते आधी स्पष्टपणे सांगितले नव्हते. पुढे बॅटरी बदलून देण्याचा अमेरिकेतील दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला, कारण दोघांच्याही सुधारणांमुळे जुने फोन मंदावले होते. फ्रान्समध्ये २०२० साली अ‍ॅपलला अडीच कोटी युरो भरावे लागले. मालात बदल करावा, पण गिऱ्हाइकाला सांगून करावा, हा पेठेचा साधा नियम मोठ्या कंपन्यांनाही चुकला नाही.

युरोपीय संघाने याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. २० जून २०२५ पासून तेथे लागू झालेल्या नियमांनुसार, एखाद्या फोनाची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा विनामूल्य उपलब्ध ठेवाव्या लागतात. आपल्याकडे असा नियम नसला, तरी जगभर विकला जाणारा फोन घेणाऱ्यास त्याचा अप्रत्यक्ष लाभ होऊ शकतो.

सवय हीही पुंजीच

पेढीवरील ज्येष्ठ मंडळींचा विचार येथे वेगळा केला पाहिजे. सत्तरीच्या गृहस्थाने तीन वर्षांत हळूहळू शिकून घेतलेले असते की, मागे जाण्यासाठी बोट कोठून सरकवावे, क्यूआर कोड कसा धरावा, आलेली रक्कम कोठे पाहावी. हे शिक्षण पुस्तकातून आलेले नसते. नातवंडांना दहादा विचारून, दोनदा चुकून ते हाती आलेले असते. उत्साही चिरंजीव वाढदिवसाला दुसऱ्या प्रणालीचा महागडा फोन देतात, तेव्हा हेतू प्रेमाचाच असतो. पण वडिलांची सारी पुंजी एका दिवसात बुडते. गल्ल्यावर बसून स्वतः रक्कम तपासणारा माणूस पुन्हा ‘जरा बघ रे, पैसे आले का’ असे विचारू लागतो. त्या फोनाच्या किमतीपेक्षा हा तोटा मोठा आहे.

उलटपक्षी, घरातील सर्वांची प्रणाली एकच असेल तर एकाला आलेली अडचण दुसरा सोडवितो, चार्जर आणि साहित्य एकमेकांस चालते, छायाचित्रे आणि खर्चाच्या नोंदी सहज वाटून घेता येतात. चार्जरची अडचण तर आयफोनमध्येही २०२३ पासून सी प्रकारची जोडणी आल्यामुळे पुष्कळशी मिटली. दुकानासाठी एक आणि घरासाठी एक अशी दोन सिमकार्डे वापरण्याची व्यापाऱ्याची जुनी गरज अँड्रॉइड फोनांनी प्रथम ओळखली. आयफोनमध्ये ती सोय २०१८ मध्ये आली. अनेक व्यापारी अँड्रॉइडवर स्थिरावले त्यात अशा साध्या सोयींचा वाटा मोठा होता.

नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी मांडले होते की, माणूस सर्वोत्तमाचा अखंड शोध घेत बसत नाही; आपल्या गरजेस पुरेसे ठरेल ते मिळाले की तो थांबतो. प्रणालीवर दीर्घकाळ संतुष्ट राहिलेली माणसे नेमकी अशीच असतात. दर सप्टेंबरात नवा आयफोन आणि दर जानेवारी-फेब्रुवारीत नवा गॅलेक्सी येतो. त्या प्रत्येकाशी आपल्या फोनाची तुलना करणाऱ्यास समाधान कधीच लाभत नाही. आपली गरज काय, हे ज्याने आधी लिहून काढले, त्याला जाहिरात फार काळ अस्वस्थ करीत नाही.

वर्षाच्या हिशेबाने किंमत

फोनाची किंमत एकरकमी न पाहता वर्षाकाठी पाहिली तर चित्र स्पष्ट होते. समजा, १५,००० रुपयांचा फोन तीन वर्षे वापरून २,००० रुपयांस विकला. वर्षाचा खर्च सुमारे ४,३३३ रुपये. ३०,००० रुपयांचा फोन पाच वर्षे वापरून ४,००० रुपयांस विकला. खर्च ५,२०० रुपये. ६०,००० रुपयांचा फोन सहा वर्षे वापरला, मध्ये ८,००० रुपयांची बॅटरी घातली आणि अखेर १०,००० रुपये आले. खर्च सुमारे ९,६६७ रुपये.

या मांडणीतून दोन गोष्टी दिसतात. महागडा फोन जास्त वर्षे टिकतो म्हणून तो आपोआप स्वस्त पडतो, हे म्हणणे प्रत्येक वेळी खरे नाही. त्याचबरोबर दुप्पट किमतीचा मधला फोन पाच वर्षे नेला, तर वार्षिक फरक हजार रुपयांच्याही आत राहतो. आणि त्या फरकात दोन वर्षांची अधिक निश्चिंती व एका फेरबदलाचा वाचलेला व्याप पदरी पडतो. मात्र यासाठी त्या फोनाला पाच वर्षे सुरक्षेच्या सुधारणा मिळणार आहेत की नाही, हे खरेदीपूर्वी कंपनीच्या लेखी माहितीत पाहावे. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर हुंडी स्वीकारली जात नाही. फोनही घेऊ नये.

विश्वास कोठवर ठेवावा?

प्रणाली कोणतीही असो, फसवणुकीची दारे पुष्कळदा बाहेरून नव्हे तर आतूनच उघडली जातात. विवाहाची निमंत्रणपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती असल्याचे भासवून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते; ती उघडून स्थापित केली की फोनमधील संदेश, म्हणजेच बँकेचे संकेतांक, भामट्याकडे जाऊ लागतात. अँड्रॉइडमध्ये अधिकृत दुकानाबाहेरील अ‍ॅप घेण्याची मुभा असल्याने हा धोका तेथे अधिक आहे. अशा वेळी फोन धोक्याची सूचना देतो, पण घाईत ‘हो’ म्हटले जाते. आयफोनमध्ये ही वाट आपल्याकडे सहसा बंद असते. तथापि तोही अभेद्य नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हेरगिरीच्या एका दोषावर अ‍ॅपलला तातडीने दुरुस्ती काढावी लागली होती. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या तासांत कळविले तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

मोठ्या कंपन्यांवरील विश्वासालाही मर्यादा असावी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या क्षेत्रातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. यामुळे प्रणाली वाईट ठरत नाही. पण पुरवठादार कितीही जुना असला तरी त्याची बिले तपासण्याचे काम पेढीने सोडावयाचे नसते.

बदल करावयाचाच असेल तर

काही वेळा बदल योग्यही असतो. सुधारणा थांबल्या, आवश्यक अ‍ॅप चालेनासे झाले, किंवा धंद्याची गरजच बदलली, तर सवयीला चिकटून राहणे हिताचे नाही. मात्र तो बदल घाईने करू नये. दिवाळीचा हंगाम, लग्नसराई, महिनाअखेर आणि विवरणपत्र भरण्याचे दिवस टाळावेत. नव्या फोनावर यूपीआय पुन्हा नोंदवावे लागते आणि पहिल्या दिवशी देवघेवीच्या रकमेवर मर्यादा असू शकते; मोठे देणे त्याआधीच चुकते करावे. व्हॉट्सअ‍ॅपची संभाषणे, संपर्क आणि छायाचित्रे नव्या फोनावर प्रत्यक्ष उघडून पाहावीत. जुना फोन निदान महिनाभर तसाच जपून ठेवावा आणि विकण्यापूर्वी आपले खाते काढून तो पूर्ण कोरा करावा.

जे बदल करीत नाहीत, त्यांनीही वर्षातून एकदा हा आढावा घ्यावा. दिवाळीत वहीपूजन होते, नव्या खतावणीचे पहिले पान उघडते. त्याच सुमारास घरातील प्रत्येक फोनाची सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या महिन्याची आहे, माहितीची प्रत कोठे ठेवली आहे आणि ज्येष्ठांना काही अडते काय, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरे. ज्या घरात ही उत्तरे दरवर्षी मिळतात, त्या घरात प्रणाली कोणतीही असो, तिच्यावरचे समाधान सकारण असते. आणि ते सोडण्याची वेळ आलीच, तर तीही वेळेवर कळते.